नारायणरावांची कंबर

समीक्षाला बी.पी.एड.च्या प्रॅक्टिकलसाठी पन्नाशीच्या पुढचा एक माणूस हवा होता आणि घरात तेवढा एकच होता. तिचे वडील, नारायणराव, लगेच तयार झाले. चिखलीत त्यांचं मोटारपंपांच्या सुट्या भागांचं दुकान. कुठलंही मशीन उघडून आत काय आहे ते पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. या वेळी मशीन आपणच आहोत, एवढाच फरक, असं त्यांना वाटलं.

फिटनेस म्हणजे दंड किती आणि पोट किती, बस्स, अशी त्यांची समजूत. समीक्षा म्हणाली, तसं नसतं. ताकद वेगळी, दम वेगळा, तोल वेगळा, लवचीकपणा वेगळा. एकात पहिला आलेला दुसऱ्यात सपशेल नापास होतो, म्हणून प्रत्येकाची चाचणी वेगळी. नारायणरावांना हे फार पटलं. (दहावीला गणितात गेलेल्या माणसाला पटणारच.)

तोलासाठी एका पायावर उभं राहायचं होतं. चौथ्या सेकंदाला त्यांनी वाळत घातलेली साडी पकडली आणि दोरीसकट खाली आले. मग समीक्षाने वरून पट्टी सोडली, ती दोन बोटांत पकडायची. आधी पट्टी जमिनीवर पडली, मग बोटं मिटली. दमासाठी ओट्याच्या पायरीवर तीन मिनिटं चढ-उतर केल्यावर नाडी इतकी धावली की समीक्षाने ती दोनदा मोजली आणि आईला लिंबूपाणी आणायला सांगितलं.

शेवटी लोखंडी पेटीला तळवे टेकवून, पाय लांब करून बसायचं आणि गुडघे न वाकवता हात जमेल तितके पुढे न्यायचे. पेटीवर पट्टी चिकटवलेली. नारायणराव वाकले, आणि बोटं तळव्यांच्या पुढे चक्क अकरा सेंटिमीटर गेली. वर्षानुवर्षं गादीवर बसून खालच्या खणांतले वायसर आणि बुश काढले, त्याचा हा प्रताप. समीक्षाच्या वर्गातल्या पोरांनाही एवढं जमलं नव्हतं.

समीक्षाची आई, पुष्पाबाई, लिंबूपाण्याचा ग्लास घेऊन तिथंच उभ्या होत्या.

"काऊन हो," त्या म्हणाल्या, "तुमची कंबर तं वाकत नव्हती ना?"

नारायणरावांनी पटकन कमरेवर हात ठेवला. चार वर्षांपूर्वी जानेफळला सामाईक विहिरीवरची मोटार जळाली, तेव्हा थोरल्या भावाला, वामनदादांना, ते चार लोकांत नाही नाही ते बोलले होते. पुढे कळलं की खराब होता तो स्टार्टर, आणि तो यांच्याच दुकानातला. माफी मागायची तर पाय धरायला हवे होते, आणि तिथंच घोडं अडलं. तेव्हापासून दर दसऱ्याला ते जानेफळला जात, दादांच्या हातात आपट्याचं सोनं ठेवत आणि डॉक्टरनं वाकायला मनाई केली आहे असं सांगून उभ्या उभ्या हात जोडत. दादा सगळं ओळखून आहेत आणि मनात राग धरून आहेत, याबद्दल त्यांना शंका नव्हती. आता दसरा चार दिवसांवर आला होता.

पुष्पाबाईंना गप्प बसवता आलं असतं (हे नारायणरावांचं मत; लग्नाला तीस वर्षं झाली, अजून जमलेलं नाही), पण स्वतःचंच तोंड आवरेना. आयुष्यात पहिल्यांदा ते कशात तरी पहिले आले होते. दुसऱ्याच दिवशी दुकानात आलेल्या मोतीरामला त्यांनी वाकून दाखवलं. मोतीराम दादांचा शेजारी आहे, हे हात पायांपर्यंत पोचल्यावर आठवलं.

दसऱ्याच्या संध्याकाळी तिघं जानेफळला पोचले, तर दादांच्या ओसरीवर मोतीराम आधीच येऊन बसलेला. सगळे यांच्या कमरेकडेच पाहत होते. नारायणरावांनी सोनं दिलं. सवयीने हात कमरेवर गेला, आणि तेवढ्यात त्यांनी दादांकडे नीट पाहिलं. दादा चार वर्षांत बरेच थकले होते. नारायणरावांना स्वतःची मनापासून लाज वाटली. ते वाकले, आणि दोन्ही हात दादांच्या पायांवर ठेवले.

"दादा, चुकलं माहं. स्टार्टर माह्याच दुकानातला होता."

"ते मले तवाच कळलं होतं बे," दादा म्हणाले. "त्याच्यासाठी वाकतं काऊन? कमरेनं एवढा हैराण माणूस. तुह्यासाठी निरगुडीचं तेल करून ठेवलं हाये मी."

राग नव्हताच. चार वर्षं दादांनी त्यांचं खोटं जसंच्या तसं खरं मानलं होतं. नारायणरावांना भडभडून आलं. पुष्पाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. भावाभावांचं असं प्रेम आता कुठं पाहायला मिळतं, असं रुखमाबाई वहिनी म्हणाल्या. एक मिनिट गेलं, दुसरं गेलं, तरी नारायणराव पायांवरच. शेवटी समीक्षाने खाली बसून वडिलांच्या तोंडाकडे पाहिलं.

"दादा," खालून बारीक आवाज आला, "मले सरळ होता येऊन नाही राह्यलं."

दादांनी ताठ मानेने मोतीरामकडे पाहिलं.

"पाह्यलं? तीन दिवसांपासून गावभर सांगून राह्यला, नारायण सोंग करते म्हणून. माहा भाऊ खोटं बोलत नाही."