काळ्या पट्टीवरचं नाव

“आपली वस्तू आपल्याकडून नेऊन दाखवावी कुनी! मिशी उतरवून देईन!”

सोपानराव साळव्यांचं हे आवडतं वाक्य. देवळाली प्रवरेत त्यांना ओळखणाऱ्या प्रत्येकाने ते निदान पन्नास वेळा ऐकलेलं होतं. त्यांच्या बायकोने, विमलबाईंनी, तर मोजायचंच सोडून दिलं होतं.

तसा सोपानरावांना हक्कही होता म्हणा. साखर कारखान्यात एकतीस वर्षं स्टोअरकीपर! त्या काळात कारखान्यातून चार चेअरमन गेले, सहा एमडी गेले, पण सोपानरावांच्या स्टोअरमधून एक पान्हा बाहेर गेला नाही. कारण साधं होतं. स्टोअरमध्ये वस्तू आली रे आली, की सोपानराव पंच आणि हातोडी घेऊन तिच्यावर नंबर ठोकायचे. पान्ह्यावर नंबर, हातोडीवर नंबर, पंचावरसुद्धा नंबर! “खूण न्हाई ती वस्तू चोराची,” असं ते म्हणत आणि नव्या पोरांकडून पाठ करून घेत.

ही सवय घरीही आली. भांड्यांवर नावं सगळ्यांच्याच घरी असतात. सोपानरावांच्या घरी वरवंट्यावर होतं, छत्रीच्या दांडीवर होतं, परसातल्या टमरेलावरही होतं! चपलांच्या तळांवर तर त्यांनी नाव कोरलेलं होतं. पावसाळ्यात ते ज्या वाटेने जात तिथे चिखलात ‘साळवे, साळवे’ असं उमटत जाई. उलटं उमटे, पण उमटे!

एकोणीसशे नव्व्याण्णव साली सोपानराव रिटायर झाले. फंडाचे पैसे त्यांनी मुद्दाम नगरच्या एका बँकेत ठेवले, कारण गावातल्या बँकेत ठेवले असते तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. त्या बँकेने नुकतंच पैसे देणारं मशीन बसवलं होतं. बँकेतल्या नाझनीन मॅडमने सोपानरावांना कार्ड दिलं, पाकिटातला चार आकडी गुप्त नंबर दिला आणि समजावून सांगितलं.

“काका, नंबर कुणाला सांगायचा नाही, कुठे लिहायचा नाही. आणि कार्ड कुणाच्या हातात द्यायचं नाही. मुंबईकडे मदत करतो म्हणून लोक कार्ड घेतात आणि हातचलाखीने दुसरंच परत देतात. आपल्या लक्षातही येत नाही!”

अदलाबदल! हा शब्द सोपानरावांच्या थेट काळजात शिरला. एकतीस वर्षं ज्या शत्रूशी झुंज दिली, तो रिटायर झाल्यावरही पाठ सोडेना!

घरी येऊन त्यांनी कार्ड उलटंसुलटं पाहिलं. पुढच्या बाजूला इंग्रजीत नाव होतं, पण तेवढ्याने त्यांचं समाधान होईना.

“एस. आर. साळवे! संगमनेरात धा सापडतील,” ते म्हणाले.

“मग आता काय करता?” विमलबाईंनी विचारलं.

“बघशीलच!”

दुसऱ्या दिवशी ते शमशेरभाईंच्या भांड्यांच्या दुकानात हजर झाले. शमशेरभाईंचं नाव घालायचं मशीन तालुक्यात प्रसिद्ध. घर्र करून सुई फिरली की मोत्यासारखं अक्षर!

शमशेरभाईंनी कार्ड हातात घेऊन वाकवून पाहिलं. “सोपानभाऊ, हे तर प्लास्टिक हाय. ह्याला ताट समजू का वाटी?”

“तुमी फकस्त नाव घाला. हळू हातानं.”

“कुठं घालू?”

सोपानरावांनी कार्डाची मागची बाजू दाखवली. तिथे छान रुंद, गुळगुळीत, काळी पट्टी होती. काळ्यावर पांढरं अक्षर किती उठून दिसेल! बँकेने जशी काही नाव घालायलाच जागा सोडली होती.

घर्र! काळ्या पट्टीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत नाव उमटलं: ‘सोपान रामजी साळवे, देवळाली प्रवरा’. शमशेरभाईंनी शेवटी एक छोटं फूलही काढलं. फुलाचे पैसे ते जुन्या गिऱ्हाइकाकडून घेत नसत.

“आता कर म्हनावं अदलाबदल!” सोपानराव कार्ड फुंकून खिशात ठेवत म्हणाले.

पंधरा दिवसांनी धाकट्या लेकीचं, दीपाचं, नाव नगरच्या नर्सिंग कॉलेजच्या यादीत लागलं. घरात आनंदीआनंद! पोरीने चौथीत असल्यापासून बाहुलीला सलाईन लावलेलं. एकच अडचण होती. पत्र पोस्टात दोन दिवस अडकलं होतं आणि फी भरायची शेवटची तारीख उद्यावर आली होती. नाही भरली तर जागा वेटिंगवालीला जाणार.

“पासबुक घ्या बरोबर,” निघताना विमलबाई म्हणाल्या.

“कशाला? लायनीत हुभं ऱ्हायला? कार्ड असताना?” सोपानरावांनी पासबुक ट्रंकेत ठेवलं, ट्रंकेला कुलूप लावलं आणि किल्ली बुद्धमूर्तीमागच्या कोनाड्यात ठेवली.

एसटी वाटेत पंक्चर झाली, त्यामुळे नगरला पोचायला दीड वाजला. दीपाला कॉलेजच्या फीच्या रांगेत उभं केलं आणि नवरा-बायको दहा मिनिटांवरच्या बँकेत गेले. काचेच्या खोलीत मशीन होतं, दाराशी वॉचमन होता, मागे चार-पाच माणसं होती. सोपानरावांनी ऐटीत कार्ड आत घातलं.

मशीनने ते बाहेर टाकलं.

पुन्हा घातलं. पुन्हा बाहेर! स्क्रीनवर इंग्रजीत काहीतरी लिहून आलं.

“काका, उलटं घालताय. द्या इकडे!” मागून सफारी घातलेला, सोनेरी काड्यांचा चष्मा लावलेला एक गृहस्थ पुढे आला. सोपानराव ‘न्हाई’ म्हणेपर्यंत त्याने कार्ड घेतलंसुद्धा, फिरवलं आणि जोराने आत सारलं. मशीनमधून कर्र्र असा आवाज आला. मग काहीच नाही! कार्ड येईना, पैसे येईनात.

सोपानरावांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मदत करतो म्हणून घेतलं! हातचलाखी! माझं खिशात, दुसरंच मशीनमध्ये!

त्यांनी त्या गृहस्थाची कॉलर धरली. सफारीचं वरचं बटण टप्पकन उडून वॉचमनच्या पायाशी पडलं.

“चोर! विमल, ह्याची बॅग धर!”

विमलबाईंनी बॅग अशी धरली की ती सोडवायला क्रेन लागली असती.

“अहो, काय करताय? सोडा!” गृहस्थ ओरडला.

“माजं कार्ड काढ आधी!”

“ते मशीनमध्ये आहे! मला जाऊ द्या, दोन वाजता मला खिडकी उघडायचीय!”

“ऐका हो ऐका!” विमलबाईंनी जमलेल्या लोकांना साक्षीला बोलावलं. “खिडकी उघडायचीय म्हनं! आनि भर दुपारी! कुनाच्या घराची रं?”

गर्दी वाढली. बाहेरचा पेरूवाला गाडी सोडून आत आला. वॉचमनने सोपानरावांना विचारलं, “काका, कार्ड तुमचंच होतं कशावरून?”

“माजंच! नंबर इचार! चार-एक-सात-दोन! बोल, हाय का न्हाई?”

“हळू, काका, हळू!” वॉचमन घाबरून म्हणाला. पण पेरूवाल्याने तोपर्यंत मागच्यांना सांगितलंही होतं, “एक्केचाळीस बहात्तर म्हणतेत.”

सव्वादोन झाले. सफारीवाला रडकुंडीला आला होता, सोपानरावांचा हात भरून आला होता, पण कॉलर सुटली नव्हती. फंडाचे पैसे होते ते, काही गंमत नव्हती. पोरीचं सगळं पुढचं आयुष्य त्या कॉलरला लटकलेलं होतं!

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत दीपा आली. तिला धाप लागली होती. वडिलांना ती दादाच म्हणे.

“दादा, चला लवकर! तिथं खिडकी बंद हाय! फी घेनारे सर दोनला येतो म्हनून जेवायला गेले ते आलेच न्हाईत. वीस पोरी ताटकळल्यात...” बोलता बोलता तिची नजर कॉलरवर गेली आणि कॉलरवरून वर चेहऱ्याकडे गेली.

“सर? तुमी?”

आप्पासाहेब, नर्सिंग कॉलेजचे फी घेणारे क्लार्क, चष्मा नीट करत म्हणाले, “मी कधीचं हेच सांगतोय.”

सोपानरावांच्या हातांनी कॉलर सोडली नाही. ते हात हळूहळू कॉलरच्या सुरकुत्या काढू लागले. विमलबाईंनी बॅग पदराने पुसली.

“पन कार्ड?” सोपानराव पुटपुटले.

गलका ऐकून नाझनीन मॅडम किल्ल्या घेऊन आल्याच होत्या. मशीनचं पोट उघडलं गेलं. बऱ्याच खटाटोपानंतर चिमट्याने कार्ड बाहेर आलं. मॅडमने ते उजेडात धरलं आणि मोठ्याने वाचलं:

“सोपान रामजी साळवे, देवळाली प्रवरा. आणि हे काय? फूल?”

“ते फुकट घालतेत,” सोपानराव म्हणाले.

“काका, ही काळी पट्टी म्हणजेच कार्ड आहे! मशीन हीच वाचतं. आणि कोरल्यामुळे कडा वर आल्यात, म्हणून अडकलं. कुणी केलं हे?”

सोपानरावांनी खाली पाहिलं. एकतीस वर्षांत त्यांच्या स्टोअरमधून काही चोरीला गेलं नव्हतं. पण वस्तूचा मालकच वस्तू निकामी करील, यावर कारखान्यात कुठलंही रजिस्टर ठेवलेलं नव्हतं.

“मीच,” ते म्हणाले.

“बरं, आता काउंटरवरून काढा. दहा मिनिटं आहेत, अडीचला कॅश बंद होते. पासबुक?”

“घरी हाय. ट्रंकेत. कुलपात.”

“ओळखीचा कुठला कागद?”

विमलबाईंनी घाईघाईने पिशवीतून भाकरीचा डबा काढून काउंटरवर आपटला. “हे बघा! नाव घातल्यालं हाय!” पाठोपाठ छत्री आली. सोपानराव चप्पल काढायला वाकले, पण मॅडमने थांबवलं.

“नाव कुणीही घालून घेईल, काका,” त्या हळूच म्हणाल्या. “सही जुळेल, पण गुप्त नंबर आता इथल्या अख्ख्या माळीवाड्याला माहीत झालाय. मी तुम्हाला चेहऱ्याने ओळखते, पण नियमाने मला खात्री करावीच लागेल. आमच्याकडे खातं असलेल्या कुणी तुम्हाला ओळखत असल्याची सही दिली, तर मी पैसे देते. आहे कुणी नगरमध्ये?”

सोपानरावांनी सभोवार पाहिलं. नगरमध्ये त्यांना ओळखणारं एकही माणूस नव्हतं. म्हणजे, एक होतं. ते तुटलेलं बटण मुठीत धरून दाराकडे निघालं होतं.

दीपाच्या डोळ्यांत पाणी भरलं होतं. ते पाहिलं मात्र, सोपानरावांचा सगळा ताठा जमिनीला लागला. ते धावत जाऊन आप्पासाहेबांच्या पुढे उभे राहिले.

“सर, चूक माजी हाय. लई मोठी हाय. पोरीची न्हाई. मला पोलिसात द्या, मी चालत जातो. पन तिची जागा जाऊ देऊ नका.”

आप्पासाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग दीपाकडे पाहिलं. मग घड्याळाकडे पाहून एक मोठा श्वास सोडला आणि ते काउंटरकडे वळले.

“द्या तो कागद, मॅडम.”

“तुम्ही ओळखता ह्यांना?”

“ओळखतो? अर्धा तास ह्यांच्या हातात होतो! एवढ्या जवळून मी माझ्या सासऱ्यांनासुद्धा ओळखत नाही. माणूस तापट आहे, जिद्दी आहे, पण साळवेच आहे. सगळ्या नगरला ओरडून सांगतोय बिचारा!”

ते सही करत होते तेव्हा विमलबाईंनी पिशवीतली सुई काढली आणि उभ्या उभ्या त्यांचं बटण शिवून दिलं. टाका घट्ट घातला, दातांनी दोरा तोडला आणि वर भाकरी-ठेचा पुढे केला. जेवायच्या सुट्टीत आप्पासाहेबांना दुसरं काही मिळालं नव्हतं. त्यांनी दोन घास खाल्ले, तिसऱ्याला ठसका लागला आणि चौथा मागून घेतला.

पावणेतीनला कॉलेजची खिडकी उघडली. रांगेतल्या पोरींनी आप्पासाहेबांकडे रागाने पाहिलं, पण त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. दीपाचा नंबर आला. सोपानरावांनी पैसे आत सरकवले. माफी मागायची होती, आभार मानायचे होते, पोरगी आता खरंच नर्स होणार हा आनंद सांगायचा होता. त्याऐवजी त्यांनी गजातून हात घातला, आप्पासाहेबांचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला आणि डोळे मिटून उभे राहिले.

बराच वेळ गेला. रांग चुळबुळू लागली.

“काका,” आतून आप्पासाहेब शांतपणे म्हणाले, “हात सोडा आता. त्याच हाताने पावती लिहायचीय.”