कठडा आणि तयारीची माणसं

सार्वजनिक जीवनात काम करणाऱ्यापेक्षा काम करायला तयार असणाऱ्याचा मान मोठा असतो, आणि ते योग्यच आहे. काम केलं की त्यात चूक निघते. तयारीत कोणाच्या बापाला चूक काढता येत नाही. माईंची तक्रार एवढीच होती, की हे थोर तत्त्व त्यांच्या थोरल्यानं घरापर्यंत आणलं.

थोरला लहानपणापासूनच तयार. फुटबॉलच्या संघात तो कायम राखीव. मैदानात कोणी लंगडलं, की हा बाकावरून उठून पाय ताणायला लागायचा. लंगडणारा सावरला, की टाळ्या घेऊन खाली बसायचा. (संघ हरायचा. पण त्या हरण्यात थोरल्याचा पाय कधीच नव्हता.) पुढे तो राजकारणात गेला. तिथे उमेदवार एक आणि इच्छुक ढीगभर, म्हणजे खरं बहुमत इच्छुकांचंच, असा त्याचा हिशेब. चौकात त्याचा फलक लागला: हसरा फोटो, खाली मोठ्या अक्षरात ‘इच्छुक’. निवडून आलेल्याचा फलक वाऱ्यानं कधीच फाटला. थोरल्याचा अजून ठणठणीत आहे, आणि लोक साहेब म्हणतात ते यालाच.

असो. इमारतीच्या जिन्याचा कठडा तुटला. माई तिसऱ्या मजल्यावर, त्यांची धाकटी जाऊ तळमजल्यावर. दोघी रोज दुपारी पत्ते खेळत आणि कडाकडा भांडत. आता माईंच्या गुडघ्यांना कठड्याशिवाय उतरवेना, जावेला चढवेना. भांडायला माणूस नाही म्हणून माईंना जेवण गोड लागेना.

“अरे, तेवढा कठडा बसवून घे.”

“आई, मी एका पायावर तयार आहे!”

“दुसराही टेक की मेल्या. म्हणजे चालता येईल.”

थोरल्यानं रहिवाशांची सभा बोलावली. हे काम अंगावर घ्यायला कोण तयार आहे, असं विचारताच झाडून सगळे हात वर. आता एकाला निवडावं, तर बाकीच्यांच्या तयारीचा अपमान! तेव्हा सर्वानुमते ठरलं, की काम तूर्त कोणालाच देऊ नये आणि एवढी तयारी दाखवल्याबद्दल सगळ्यांनी सगळ्यांचा सत्कार करावा. (खुर्च्या मांडायला मात्र कोणी तयार होईना, कारण ते काम होतं. ज्यानं त्यानं आपापली आणली.)

सत्काराच्या दिवशी माई निघाल्या. वरच्या पायरीवर बसल्या आणि बसल्या बसल्याच एकेक पायरी खाली सरकल्या. खाली निघालेले सत्कारमूर्ती त्यांना ओलांडून जाताना अदबीनं म्हणत होते, “माई, नुसती हाक मारायचीत!”

माई तळमजल्यावर पोचल्या तेव्हा थोरला पुष्पगुच्छ घेत होता.

“आई! मी तुला उचलून आणायला तयार होतो गं!”

माईंनी कपडे झटकले. जावेनं आधीच पत्ते पिसायला घेतले होते.

“तू तयारच राहा, बाबा. माझी मी उतरले, चढायचंही माझं मी बघेन. फक्त हे ऐकून जो कोणी ‘माई अगदी खरं बोलल्या’ म्हणत मान डोलावेल आणि हात हलवत घरी जाईल, त्याची खुर्ची तुझ्या शेजारी मांड. मांडशील ना, का तेवढ्यालाही नुसताच तयार आहेस?”