ट्रायम्फबाईंची पहिली शर्यत

महाराष्ट्र राज्य झालं, त्या दिवशी चौपाटीवर पहिला भगवा पोचला तो आमच्या वाडीचा. हे इतिहासात यायला हवं, असं आमचे सेक्रेटरी आजही म्हणतात. झेंडा जिनं नेला तिचं मत कुणी घेतलं नाही. ती घोडी होती, आणि नानासाहेबांची होती.

नाना माझे शेजारी. गिरगावातलं जुनं घराणं. आजोबांची बग्गी कधीच गेली होती, रिकामा तबेला उरला होता. नाना एका शेठकडे नोकरीला होते. शेठ शर्यतीचे घोडे पैदा करी, आणि कुठल्या घोडीला कुठला घोडा, ते नाना वंशावळी पाहून ठरवत. माणसंही त्यांना तशीच दिसत. माझं लग्न ठरताना मुलीची पत्रिका बाजूला सारून त्यांनी विचारलं, "आजीचे गुडघे कसे आहेत?"

दुसरा प्रश्न ते सर्वांनाच विचारत. कुणी नवं मंडळ काढलं, कुणी चौथ्या मुलाचे पेढे वाटले, की नाना पेढा तोंडात टाकून म्हणत, "छान! म्हातारपणी दाणापाणी कोण बघणार?" संयुक्त महाराष्ट्राच्या सभेतही ते उठले. "राज्य आणा हो, जरूर आणा. पण नंतर दाणापाणी?" वक्त्यानं घाईघाईनं घोषणा सुरू केल्या. दुसऱ्या दिवशी नानांनी सत्याग्रहात स्वतःला पकडवूनही घेतलं.

प्रश्नाचं मूळ शेठच्या पागेत होतं. जिंकलेल्यांची तिथे लग्नं लागत. हरलेले एक दिवस दिसेनासे होत. "गावाकडे पाठवले," शेठ सांगे. शेठला गाव नव्हतं.

निवृत्तीच्या समारंभात शेठनं घड्याळ पुढे केलं, तर नानांनी घोडी मागितली. नाव इम्पीरियल ट्रायम्फ. जन्मात एकही शर्यत जिंकलेली नव्हती, पायाची शीर सुजलेली, आणि आता 'गावाकडे' जायची पाळी तिची होती.

वाडीत तिची ट्रायम्फबाई झाली. माशा वाढल्या, तशा तक्रारीही. सेक्रेटरी आले. "नाना, वाडी म्हणजे पांजरपोळ नव्हे. महिनाअखेर बाईंना हलवा."

"कुठे?"

"आता ते... पाठवा गावाकडे कुठेतरी."

नाना त्या दिवशी जेवले नाहीत.

पण महिना संपायच्या आत राज्य आलं. वाडीवाडीतून मिरवणुका चौपाटीला निघायच्या होत्या. शेजारच्या वाडीनं बँड ठरवला. आमच्याकडे लेझीम होती आणि एक ढोल, तोही फुटका. सेक्रेटरी पुन्हा आले, या वेळी नारळ घेऊन.

"एक दिवस बाईंना द्या हो."

"बाई कायमच्या राहणार असतील, तर."

"बघू."

'बघू' नानांनी शेठकडे पुष्कळ ऐकलं होतं. तरी त्यांनी बाईंच्या अंगाला खरारा केला.

तालमीतला बंड्या जरीपटका घेऊन मावळ्याच्या वेषात वर बसला. सेक्रेटरी ऐटीत समोर उभे राहिले, हातातला छोटा भगवा उंच धरून. नाना एकदम ओरडले, "अहो, झेंडा खाली आणू नका!"

सेक्रेटरींनी झेंडा झपकन खाली आणला. "चला!"

झेंडा पडला की सुटायचं, एवढंच त्या घोडीला लहानपणापासून शिकवलं होतं. ती सुटली. लोक ओरडले, तशी आणखी सुटली. शेजारच्या वाडीचा बँड दोन्ही फुटपाथांवर चढला.

"ओ नाना, हिला थांबवायचं कसं?" बंड्याचा आवाज लांब जात होता.

"ते कोणी शिकवलंच नाही रे तिला!" नाना धोतर सावरत धावत म्हणाले. मी मागे.

पहिली आली! बाई सगळ्या गिरगावात पहिली आली, आणि पुढे समुद्र लागला म्हणून थांबली! बँडवाल्या वाडीचं नाक कापलं गेलं. सेक्रेटरी धापा टाकत पोचले आणि तिथेच जाहीर केलं, "ट्रायम्फबाई मरेपर्यंत वाडीत राहतील! दाणापाणी वाडीचं!" आमच्या लोकांनी बंड्याला उचललं, सेक्रेटरींना उचललं. नानांना उचलायला गेले, तर ते सापडेनात.

ते पाण्याच्या कडेला, ओल्या वाळूत गुडघे टेकून बसले होते. घोडीचा सुजलेला पाय दोन्ही हातांत धरून समुद्राच्या पाण्यानं शेकल्यासारखा चोळत होते. "तुझ्या आईबापांची जोडी मीच लावली गं," ते म्हणत होते. "आता नाही हो धावायचं. कुणीही झेंडा पाडू दे."

त्या ऐतिहासिक क्षणाचा साक्षीदार शोधायला सेक्रेटरी अजून अधूनमधून चौपाटीवर जातात. बाई पोचल्या तेव्हा तिथे एकटा भेळवाला होता. तो कांदा चिरत होता, पाठमोरा.