अकराच्या ठोक्याची होडी

घर बघायला कधी येताय, असं एजंटाने फोनवर विचारलं तेव्हा घड्याळजी म्हणाले, "एक रविवार आड, सकाळी अकराला. तीनदा येईन. मग सांगेन."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. "अकरा? काका, याच्याइतकी चांगली वेळ नाही," एजंट म्हणाला आणि त्याच्या आवाजात एकाएकी माया दाटून आली. घड्याळजींना बरं वाटलं. वेळेची कदर असलेला माणूस त्यांना क्वचितच भेटायचा.

तीनदा बघण्यामागे चाळीस वर्षांचा रिवाज होता. दुकानात घड्याळ दुरुस्त झालं की ते लगेच परत मिळत नसे. पंधरवड्याच्या अंतराने, ठरल्या वेळी, तीनदा ताळा बघायचा. तिन्ही वेळा बरोबर निघालं तरच ते कागदात गुंडाळायचं, मग गिऱ्हाईक कितीही चडफडो. या रिवाजाने बाहेर त्यांचं नाव झालं आणि घरात बायकोची दमछाक. ती बिचारी प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटं उशिरा पोचायची. कधी दूध उतू जायचं, कधी निघता निघता दारात कुणी आपलं रडगाणं घेऊन उभं राहायचं, आणि तिला कुणाला तोडून बोलता येत नसे. लग्नालाही ती पाच मिनिटं उशिरा आली होती, हे घड्याळजी अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. ती हसून चहा पुढे करी.

लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात, दुकानामागच्या गारठलेल्या खोलीत शेगडीवर हात शेकताना घड्याळजी तिला म्हणाले होते, "एक दिवस उबदार किनाऱ्यावर घर घेऊ. हिवाळाभर शिडाच्या होडीतून फिरवीन तुला." त्यानंतरच्या प्रत्येक हिवाळ्यात त्यांनी पुढच्या हिवाळ्याचा वायदा केला. होता होता तिची बोटं थंडीत आखडू लागली. सुईत दोरा ओवता येईना, बरणीचं झाकण निघेना. तेव्हा कुठे त्यांनी दुकान विकायला काढलं.

किनारा निवडायला त्यांनी वेगळी वही घातली. एका किनाऱ्यावर वारा झकास, पण थंडी इथल्यासारखीच. दुसरा उबदार, पण हिवाळ्यात वाराच पडायचा. तिथे शीड म्हणजे दोरीवर वाळत घातलेलं धोतर. तिसऱ्याला ऊबही होती, वाराही होता, दवाखानाही जवळ. होडी चालवायला मात्र ते शिकले शहराबाहेरच्या तळ्यावर. तळं सज्जन असतं. पाणी काल जिथे पाहिलं तिथेच आज सापडतं.

तिन्ही रविवारी अकराला समुद्र घराच्या दगडी पायऱ्यांना टेकून उभा होता. "दारात पाणी, काका," एजंट म्हणाला, "खालच्या पायरीवर चप्पल काढलीत तर भिजेल."

तिसऱ्या खेपेला बायको हळूच म्हणाली, "अहो, एकदा संध्याकाळचं येऊन बघू या का?"

"संध्याकाळी काय वेगळं दिसणार आहे?"

"तसं नाही. पण राहायचं तर संध्याकाळीही आहे ना."

"तीनदा ताळा झालाय," घड्याळजी म्हणाले. ती गप्प बसली. या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

एका शनिवारी अंधार पडल्यावर नव्या घरात सामान उतरलं. खाली पायऱ्यांशी पाणी चुळबुळत होतं. जुनी पण डागडुजी केलेली होडी कठड्याच्या कडीला बांधली गेली. घड्याळजींनी जाहीर केलं, "उद्या अकराला निघायचं. एकला परत, मग जेवण. अकरा म्हणजे अकरा."

"हो," बायको म्हणाली.

रविवारी घड्याळजी साडेसातला उठले तेव्हा पाणी जागेवर होतं. ते दोऱ्या मोजायला बसले. बायको दोनदा काहीतरी बोलायला आली. "मध्ये बोलू नकोस, आकडा चुकतो," असं त्यांनी दोन्ही वेळा सांगितलं. होडीतल्या समोरच्या फळीवर त्यांनी तिच्यासाठी नवी उशी ठेवली. ती त्यांनी स्वतः पसंत करून आणली होती.

अकराला पाच मिनिटं कमी असताना ते होडीत बसले. बायको दिसेना. हाक मारली, ओ नाही. त्यांनी मनगटाकडे बघितलं. मन म्हणालं, थांबावं. पण मनगट म्हणालं, आज सूट दिलीस तर इथेही तेच सुरू होईल. चाळीस वर्षं त्यांनी मनगटाचंच ऐकलं होतं. अकराच्या ठोक्याला त्यांनी दोरी सोडली.

वारा अनुकूल होता. शीड फुगलं, ऊन पाठीवर छान लागू लागलं, आणि पहिला अर्धा तास घड्याळजी अगदी लहान मुलासारखे खुश होते. मग समोरची रिकामी उशी खुपायला लागली. ती फुगलेली होती, कोरी करकरीत. त्यांनी पंधरा मिनिटं आधीच होडी वळवली. वेळापत्रकात त्यांनी स्वतःहून केलेला तो आयुष्यातला पहिला बदल होता.

घर शंभर पावलांवर आलं आणि होडीच्या पोटाखाली खरखर झाली. होडी थांबली. त्यांनी वल्हं रोवलं, तर ते अर्धं चिखलात गेलं आणि परत यायला तयार होईना. खाली उतरायला एक पाय टाकला, तो गुडघ्यापर्यंत गेला. पाय परत आला, बूट तिथेच राहिला. आजूबाजूचं पाणी काही न बोलता मागे सरकत होतं. घड्याळजींच्या तोंडचं पाणी पळालं. होडीखालचं तर आधीच निघालं होतं.

व्हरांड्यात बायको आली. "अहो, एक वाजला. जेवायला येताय ना?"

"अडकलोय," घड्याळजी ओरडले.

"दिसतंय."

"पाणी कुठे गेलं?"

"ते जातं रोज दोनदा. आता साडेसहाशिवाय येत नाही."

"तुला कुणी सांगितलं?"

"शेजारच्या जाळीवाल्या बाईंनी. सकाळी सहाला उठले तर समोर समुद्रच नाही, नुसता चिखल. तुम्हाला सांगायला आले, तर तुमचा आकडा चुकत होता. म्हटलं, अकराच्या आत त्यांनाच विचारून यावं. त्या म्हणाल्या, आज दहाच्या पुढे कुणी होडी काढू नये, परतताना पाणी सापडणार नाही. तेच सांगायला धावत आले."

"मग?"

"पाच मिनिटं उशीर झाला."

जाळी विणणाऱ्या शेजारीणबाई कुंपणापाशी आल्या होत्या. चांगल्या मनाच्या होत्या, त्यामुळे त्या मोठ्याने हसल्या नाहीत. "पाणी रोज पाऊण-एक तास मागे पडतं हो," त्यांनी ओरडून समजावलं. "पंधरवड्याने फिरून जवळपास त्याच वेळेला येतं. एक रविवार आड आलात तर तुम्हाला भरतीच दिसणार. मधल्या एखाद्या रविवारी आला असतात तर कळलं असतं."

"रोज मागे पडतं?" घड्याळजींनी विचारलं.

"रोज," बायको म्हणाली. "आणि त्याला कुणी बोलत नाही."

पाच-सहा तास माणसाने चिखलात, स्वतःच्या घरासमोर, एका पायात बूट घालून काय करावं? खेकडे बघून झाले. मग बघण्यासारखी एकच गोष्ट उरली. बायको व्हरांड्यात बसून होती. तिने ताटं झाकून ठेवली होती, आणि ती जेवली नव्हती, आतही गेली नव्हती. घड्याळजींना फार लाज वाटली. चाळीस वर्षं ती अशीच शंभर पावलांवर बसली असेल, आणि आपण भिंग डोळ्याला लावून दातेरी चाकं बघत राहिलो, असं त्यांच्या मनात आलं.

पाणी साडेसहाला आलं. वर येऊन घड्याळजी म्हणाले, "चुकलं माझं."

"पाय धुवा आधी."

"उद्या दोघं जाऊ."

"नको," ती ताट वाढत म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, हेच वाईट होतं. "होडी कशी असते ते बघितलं मी आज. दिवसभर बघितलं."

दुसऱ्या दिवसापासून घड्याळजी शेजारणीला विचारून पाण्याची वेळ लिहून घेऊ लागले. पाणी येई, ते उशी झटकून ठेवत आणि पायरीवर बसत. बायको येत नसे. ते एकटे जात नसत. पाणी निघून जाई. किनाऱ्यावरच्या लोकांना वाटलं, या माणसाला होडीच्या राखणीला ठेवलंय. असे बारा दिवस गेले.

तेराव्या दिवशी पाणी गेल्यावर घड्याळजी उशी उचलायला होडीत चढले, तर बायको पायऱ्या उतरत होती. हातात थर्मास होता. होडी पायरीला टेकून चिखलात कलती बसली होती.

"उशीर झाला का?" तिने विचारलं.

"पाणी गेलं," घड्याळजी म्हणाले.

"दिसतंय मला." तिने हात पुढे केला. त्यांनी तिला आत घेतलं. ती उशीवर बसली. तिने इकडेतिकडे बघितलं, फळी चाचपली. "आता कुठे जायचं?"

"सहा तास कुठेच जाता येणार नाही."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. थर्मासचं झाकण तिच्या बोटांना उघडेना. घड्याळजींनी ते उघडून दिलं. त्या बोटांच्या गाठी त्यांनी इतक्या जवळून कधी बघितल्या नव्हत्या.

"वीस वर्षांपूर्वी यायला हवं होतं आपण इथे," ते म्हणाले.

"हो," ती म्हणाली. "यायला हवं होतं."

तिने झाकणात चहा ओतला. सवयीने घड्याळजींचं मनगट वर गेलं. तिने त्याच हातात झाकण दिलं.