भाऊजींनी बस नापास केली

बोट एका अंगाला कलली तेव्हा भाऊजी छातीपर्यंत पाण्यात उभे होते आणि माझ्यावर ओरडत होते, "वहिनी, हलायचं नाय! अजिबात हलायचं नाय!"

हलणार कुठं? बोटीचं तोंड चिखलात रुतलेलं, लोकांच्या पिशव्या घसरून माझ्या अंगावर आलेल्या आणि कमरेला डॉक्टरांचा पट्टा. वजन कमी करायला बोटवाल्यानं सगळ्यांना खाली उतरायला सांगितलं होतं. त्याची भाषा कळत नव्हती, पण हाताची खूण कुठल्याही देशात कळते. सगळे उतरले. त्यानं माझ्याकडं बघून खूण केली तसे भाऊजी दोन्ही हात पसरून आडवे आले. "नो, नो! हा माल उतरणार नाय!"

परक्या देशात, चार गोऱ्या लोकांसमोर, मला माल म्हणाले.

रंगनाथ भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. निफाडजवळ आमची द्राक्षबाग आहे, ती तेच बघतात. पोहता येत नाही आणि पाण्याचं भय एवढं, की सिंहस्थात सगळं गाव गोदावरीत बुड्या मारत होतं तेव्हा हे काठावर बसून तांब्यानं डोक्यावर पाणी घेत होते. असा माणूस कंबोडियातल्या गढूळ पाण्यात उभा होता, आणि तिथं आम्हाला आणलं होतं त्यांनीच.

माल माल करायची त्यांना खोडच आहे. जन्म द्राक्षं पॅक करण्यात गेला, त्यामुळे जगात त्यांना दोनच जाती दिसतात. एक एक्सपोर्टचा माल, दुसरा रिजेक्ट. आमदार रिजेक्ट, टीव्हीवरच्या बातम्या रिजेक्ट, मी केलेली कढी एकदाच एक्सपोर्ट, तीही पाहुण्यांसमोर. हंगामात गाडीत बसले की मांडीवर द्राक्षाचा एक घड ठेवायचा, उतरल्यावर गळलेले मणी मोजायचे आणि रस्ता पास की नापास ते सांगायचं. नितीनसाठी, म्हणजे त्यांच्या मुलासाठी, कळवणला मुलगी बघायला गेलो होतो. मुलगी चांगली होती, शिकलेली होती. हे परत येताना म्हणाले, "रस्ता लय बेकार. पोरगी माहेरी जाऊन येऊन गळंल." स्थळ मोडलं. नितीन अजून बिनलग्नाचा आहे.

माझ्या मणक्याचं ऑपरेशन झालं, नाशिकहून अँब्युलन्समधून घरी आणलं, तेव्हाही हे ड्रायव्हरशेजारी घड घेऊन बसले होते. मी मागं आडवी, आणि पुढं यांचं चाललंय, "सावकाश रे, तीन मणी गेले!" लाज वाटली मला.

डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की एखादा जोराचा दणका बसला तर आजी पुन्हा उभ्या राहतील याची खात्री नाही. तरी मी गेले. नितीन सिंगापूरला नोकरी करतो, त्यानं आईबापांना चार दिवस फिरवायचं ठरवलं होतं. माझी जाऊ विमानाला भिते, म्हणून तिच्या जागी मी. भाऊजींना कंबोडियातलं ते मोठं देऊळ बघायचं होतं. त्याचं कॅलेंडरवरचं चित्र त्यांनी पॅकिंग शेडमध्ये किती वर्षं लावून ठेवलंय, देवच जाणे.

आणि देवळाच्या दिवशीच यांचं पोट दुखलं. "तुम्ही जा, मी खोलीवर पडतो," म्हणाले. मी आणि नितीन जाऊन आलो. मी खुर्चीवर बसून जेवढं दिसलं तेवढं बघितलं. पुष्कळ दगड आहेत.

दुसऱ्या दिवशी नितीनच्या मित्राकडं दुसऱ्या गावाला जायचं होतं. नितीननं बस ठरवली होती. गार हवा, गादीची खुर्ची, जेवणाच्या वेळेला पोहोचवणारी. भाऊजी सकाळी उठून म्हणाले, "बस रिजेक्ट. बोटीनं जायचं. पाण्याला खड्डे नसतात."

"बाबा, बोटीला दिवस लागतो. उन्हाळ्यात पाणी कमी असतं, रुतते म्हणतात."

"बस रिजेक्ट म्हणलं ना!"

पोरगं मोठ्या कंपनीत माणसं हाताळतं, पण बापापुढं मुकं. बोटीत भाऊजी मधल्या दांड्याला दोन्ही हातांनी धरून, डोळे मिटून बसले होते. मी मनात म्हटलं, भोगा. दुपार कलली आणि बोट खरंच रुतली.

तर असे ते पाण्यात उभे असताना माझा तोल गेला. तोंडाचा. "बसनं गेलो असतो तर आत्ता जेवून झोपलो असतो. पोट दुखलं ते दुखलं, अक्कल पण वाहून गेली काय?"

"पोट दुखत नव्हतं माझं."

"मग?"

"काल त्याच बसनं जाऊन आलो. निम्म्या रस्त्यापर्यंत."

नितीन शेजारीच बोट ढकलत होता, तो थांबला. "आम्ही देवळात होतो तेव्हा?"

"मग कधी जाणार? मांडीवर घड ठेवला होता, इथं ते लिचीसारखं मिळतं त्याचा. अर्धा गळाला, वहिनी! डॉक्टर काय म्हणले होते, इसरल्या काय?"

मी कमरेचा पट्टा चाचपला. मग विचारलं, "घड कुठनं घेतला?"

"स्टँडसमोर."

"देठ बघितला होता?"

भाऊजी पाण्याकडं बघायला लागले. "बस सुटत होती. घाई झाली."

"हिरवा होता का?"

"काळा."

काळ्या देठाचा घड घरात ताटात ठेवला तरी गळतो. आमच्या बांधावरची शेळीसुद्धा सांगेल. आणि हे द्राक्षातले मोठे जाणते!

"देऊळ बघायला आलात आणि स्टँड बघून चाललात," मी म्हटलं.

"देऊळ काय, चित्रात रोजच बघतो," असं म्हणून त्यांनी बोटीला खांदा लावला. बोटवाल्यानं हाळी दिली, सगळ्यांनी जोर केला, बोट सुटली आणि भाऊजींचा पाय घसरला. डोकं पाण्याखाली गेलं. नितीननं कॉलर धरून वर काढलं. नाकातोंडातून चिखल येत होता, ओठ काळेनिळे पडले होते, तरी पहिला शब्द, "वहिनी, दणका बसला का?"

"नाही," मी म्हटलं. "वर या आता."

अंधार पडायच्या आत काठाला लागलो. बोटीतले सगळे वाचले. भाऊजी वाचले, नितीन वाचला. मी माझ्या पायांनी उतरले.