रिकाम्या प्लॉटशी सुसंगत

वसाहतीत नवे घर बांधताना आत माणसे कशी राहतील, याची चौकशी कोणी करत नसे. ते बाहेरून कसे दिसेल, याची मात्र बाह्यरूप परीक्षण समिती दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी कसून चौकशी करी. समितीचे सात नियम होते आणि सातही नियमांत 'सुसंगत' हा शब्द होता. त्याचा अर्थ कुठेच दिलेला नसल्यामुळे तो कुठेही लावता येई.

मास्तरांचा अर्ज पिवळ्या भिंतीसाठी होता. मास्तर म्हणजे शिंपी. जन्मभर दुसऱ्यांच्या मापाचे शिवून त्यांनी अठ्ठेचाळीस नंबरचा प्लॉट घेतला होता. त्यांच्या आईची नजर अधू झाली होती. बाकीचे रंग तिला एकसारखे राखाडी दिसत, पिवळा तेवढा ओळखू येई. सकाळी कोपऱ्यापर्यंत एकटीने फिरून यायची तिची सवय होती, आणि ती सुटली की आई खाट धरणार, याची मास्तरांना धास्ती होती. छप्पर, खिडक्या, कुंपण समितीने हवे तसे ठरवावे, भिंत मात्र पिवळी असावी, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

अध्यक्षबाईंनी रंगाचा नमुना उजेडात धरला आणि पिवळा शेजारच्या घरांशी सुसंगत नाही, असे जाहीर केले. मग ती घरे कशाशी सुसंगत आहेत, असे मास्तरांनी विचारले. हे विचारायला नको होते. लिपिकाने फायली काढल्या. सत्तेचाळीस नंबरच्या मंजुरीवर शेरा होता : 'शेजारच्या रिकाम्या प्लॉटशी सुसंगत.' एकोणपन्नासच्या फायलीतही तोच शेरा, त्याच शाईत.

नियम मोडला गेला असता तर दुरुस्त करता आला असता, पण तो तंतोतंत पाळला गेला होता.

"हे बघा मास्तर," अध्यक्षबाई म्हणाल्या, "तुमचं घर या दोन घरांना शोभायला हवं. ही दोन घरं रिकाम्या प्लॉटला शोभतात. मग तुमचं घर कसं दिसायला हवं, तुम्हीच सांगा."

"रिकाम्या प्लॉटसारखं?"

"माणूस समजूतदार असला की काम कसं पटकन होतं."

फायलीतल्या जुन्या फोटोबरहुकूम दर्शनी भिंतीवर गवत, दगडांचा ढीग आणि एक फुटकी बादली रंगवण्याचा ठराव झाला. वाळक्या गवताच्या तीन छटांपैकी समितीने सर्वांत मरगळलेली निवडली. बादली फोटोत डावीकडून फुटलेली होती आणि पेंटरने ती उजवीकडून फोडली, म्हणून एक बैठक जास्तीची लागली. दारावरही गवत आले. आईचे कसे होणार, असे मास्तरांनी भीतभीत विचारले. समिती फक्त बाहेरचे बघते, आई ही आतली बाब आहे, असे उत्तर मिळाले. भाड्याची खोली महिनाअखेर सोडायची होती. मास्तरांनी सही केली आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

राहायला आल्यावर दुसऱ्याच दिवशी आई फिरायला गेली ती परतलीच नाही. मास्तर धावत बाहेर आले, तर ती स्वतःच्याच घरासमोर उभी होती आणि सत्तेचाळीसवाल्या बाई तिला समजावत होत्या, "आजी, इथे घर नाही हो. रिकामा प्लॉट आहे." त्याच बाई आदल्या संध्याकाळी मास्तरांकडे चहा पिऊन गेल्या होत्या.

"आपलं घर कुठं गेलं रे?" आईने विचारले. मास्तरांनी तिचा हात धरून तिला आत नेले. त्या दिवसापासून आईने चपला पलंगाखाली सारल्या.

पुढचे सगळे रीतसर झाले. प्लॉट रिकामा दिसतो म्हटल्यावर लोक तिथे कचरा टाकू लागले. वसाहतीतल्या कचऱ्याच्या पिशव्या पिवळ्याच असाव्यात, लांबून दिसतात, असा ठराव समितीनेच केलेला होता. पिशव्या रंगवलेल्या बादलीवर आपटून दाराशी पडत. मास्तर रोज त्या उचलत आणि चडफडत.

एकदा दोन दिवस लग्नाच्या कपड्यांच्या गडबडीत पिशव्या उचलायच्या राहिल्या. तिसऱ्या सकाळी आई कुणाला न सांगता चपला घालून गेली आणि आपली आपण परत आली.

"सापडलं की रे," दारात टेकत ती म्हणाली. "छान पिवळं केलंस."

मास्तरांनी मान फिरवली. त्यानंतर त्यांनी एकही पिशवी उचलली नाही.

आठवड्याने नोटीस आली. दर्शनी भागात विनापरवानगी पिवळा रंग आढळला होता, तो तीन दिवसांत काढायचा होता. मास्तरांनी उलट अर्ज केला : पिशव्या मी टाकत नाही, टाकणाऱ्याला शोधा. समितीने घरोघर विचारणा केली. सगळ्यांनी कचरा टाकण्याचा निषेध केला, काहींनी तर लेखी.

टाकणारा सापडला नाही. सापडणार कसा? तो आत्ता निवांत बसून ही गोष्ट वाचतो आहे आणि अध्यक्षबाईंना हसतो आहे.