"हे कोनाच्या हातचं?"

गुरनुले मास्तर कोणाच्याही घरी गेले, की आधी भिंतीला भेटत. घरमालकाचा रामराम हवेत लोंबकळत राही आणि हे सारवणाला नाक लावून उभे. मग वळून विचारत, "हे कोनाच्या हातचं?" उत्तराची वाट पाहायची पद्धत नव्हती. "सुनेच्या हातचं हाय. सासूचा हात गोल फिरते, हिचा आडवा जाते." सासू आतून ऐकत असे. पुढचं त्या घरानं निस्तरायचं.

ते आमच्या मिडल स्कूलमध्ये ड्रॉइंग शिकवत. धानोऱ्याच्या वाटेवरचं, जंगलाला पाठ टेकून बसलेलं गाव. देश स्वतंत्र होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. चंद्रपूरला तेव्हा चांदाच म्हणत आणि आमचं बरंवाईट सगळं तिथून येणाऱ्या कागदावर ठरे. मी गणिताचा मास्तर.

ड्रॉइंगच्या पुस्तकात पहिल्याच पानावर सफरचंद होतं. ते आमच्या गावात कोणी पाहिलेलं नव्हतं, गुरनुले मास्तरांनीसुद्धा. त्यांनी पुस्तक कपाटात टाकलं आणि वर्गात टोपल्या, मडकी आणि तान्ह्या पोळ्याला लहान पोरं मिरवतात ते लाकडी बैल आणून मांडले. "चित्र काढनं मांगून. पहिले पाहाले शिका. दोन सुताराईचे दोन बैल. कोनता कोनाचा, अन् काऊन?"

पोरं पाहून पाहून सांगू लागली. एक सुतार बैलाची मान ताठ ठेवी, दुसरा जरा झुकवी, नुकतं जू उतरवल्यासारखी. "याच्यात चांगला कोनता जी?" असं कोणी विचारलं, की मास्तर कळवळत. "चांगला-वाईट नाई रे बाबू! याले बैलाचा जोर आवडते, त्याले बैलाची दया येते. दोघाईले समजून घे."

समजून घ्यायला माझी हरकत नव्हती. पण त्यांच्यानंतरचा तास माझा असे. वर्गात टोपल्यांचा ढीग, बाकावर बैल, आणि फळ्याकडे पाहणारी पोरं त्रिकोण सोडून माझा हात पाहत. सोमा नावाचा एक पोरगा तर उभा राहून म्हणाला, "गुर्जी, तुमची ओळ शेवटाले खाली उतरते जी." मी मागे सरकून पाहिलं. उतरत होती. त्या दिवशी वर्ग सुटल्यावर मी एकटाच फळ्यावर ओळी ओढत बसलो. एकही सरळ आली नाही.

मी गुरनुल्यांकडे तक्रार केली. ते खूश झाले. "पाह्यलं पोट्ट्यानं? मले वाटलंच होतं, तो पाहीन म्हून!"

आता जे आजवर कोणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही, ते सांगतो. सुरुवात मात्र एका भिंतीपासून झाली.

त्या वर्षी पावसानं आमच्या ओट्याकडच्या भिंतीचं सारवण धुऊन नेलं. बायकोला नववा महिना होता, घरात दुसरं कोणी नव्हतं. मी पहाटे, गाव उठायच्या आत, शेणमाती कालवली आणि भिंत सारवून काढली. पुरुषानं सारवण करायचं, त्यातही मास्तरानं, हे आमच्या गावात बसणारं नव्हतं. हात धुऊन मी असा बसलो, जसं काही झालंच नाही.

शनिवारी गुरनुले मास्तर पोरांना गावच्या भिंती दाखवायला नेत. वीस पोरांची ती वरात माझ्या दाराशी थांबली. "हे कोनाच्या हातचं?"

"बाईच्या," एक जण म्हणाला.

"नाई. तळहात रुंद हाय. अन् एकेक फेरा पाह्य, शेवटाले..."

"खाली उतरते!" सोमा किंचाळला. "गनिताच्या गुर्जीचा हात!"

मी दारात लोटा घेऊन उभा होतो. पोरं हसून लोळली. गुरनुले मास्तर मात्र टाळ्या वाजवत होते, "शाब्बास रे वाघा!" संध्याकाळपर्यंत गावभर माझं नाव सारवणमास्तर झालं. दुकानदार विचारी, "का जी मास्तर, आमच्या इथी कधी येता?"

महिनाभर मी ते सोसलं. मग एक दिवस कागद घेतला, टाक डाव्या हातात धरला आणि चांद्याला निनावी अर्ज लिहिला, की सदर शिक्षक काहीही शिकवत नाहीत, विद्यार्थ्यांना गावच्या भिंती दाखवत हिंडवतात.

हिवाळ्यात इन्स्पेक्टर साहेब आले. पोरांनी टोपल्या ओळखल्या, बैल ओळखले, एक चूक नाही. साहेबांच्या चेहऱ्यावरची माशीही हलली नाही. त्यांनी खिशातून अर्ज काढला आणि वर्गासमोर धरला. "भिंती ओळखता ना? मग हे अक्षर कोणाचं, तेही सांगा."

मी दाराजवळ उभा होतो. सोमानं मान पुढे काढली. त्याचा हात वर जायला लागला, अर्ध्यावर आला.

गुरनुले मास्तर मध्ये आले. कागद त्यांनी स्वतःच्या हातात घेतला, पोरांकडे पाठ केली आणि वाचला. दोन ओळींच्या शेवटाशीच त्यांची नजर थांबली. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

"नाई जी," ते म्हणाले. "हे पोट्ट्याईले नाई जमनार. मले बी नाई ओळखू येत."

"तुम्हालाच येत नाही, तर मग शिकवता काय?"

मास्तरांनी कागद टेबलावर ठेवला. त्यांना 'ओळखू येत नाही' म्हणताना मी तेवढंच एकदा ऐकलं.

पंधरा दिवसांत बदलीचा कागद आला. सिरोंच्याकडे, जिथे पोरं तेलुगू बोलतात. ड्रॉइंगचा तास बंद झाला आणि गणिताला मिळाला, म्हणजे मला.

निघायच्या दिवशी मास्तर घरी आले. आल्या आल्या रामराम केला. भिंतीकडे गेलेच नाहीत. आत बाळ रडत होतं. "पोरगी बाळसं धरते म्हनते. चांगलं हाय जी," म्हणत ओट्यावर टेकले. मग टोपी काढून मांडीवर ठेवली.

"त्या दिवशी पोट्ट्याईसमोर बोललो, चुकलं माहं. माह्या घरी भित सारवाले कोनी नाई. कोनी घरच्यासाठी असा हात फिरवलेला दिसला, का मले राहावत नाई. साऱ्याईले दाखवावं वाटते."

कबूल करायचं तर ती वेळ होती. मी "चालायचंच" असं काहीसं पुटपुटलो.

उठताना त्यांनी कोटाच्या खिशातून चार घड्यांचा कागद काढून माझ्या मुठीत दिला. मी उघडला नाही, उघडायची गरज नव्हती.

"साहेब टेबलावर सोडून गेले होते. चुलीत टाकून देजा," ते म्हणाले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा फुलला. "वर्गात नोको सापडाले. पोट्टे आता ओळखाले लागले जी."